फिटच्या गोळ्या ब्रँडेडवरून जेनेरिकवर नेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अपस्मार म्हणा, मिरगी म्हणा, आकडी म्हणा. या आजाराच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालतात आणि दर महिन्याला खिशाला कात्री लावतात. त्यामुळे "जेनेरिक चालेल का?" ही विचारणा आमच्याकडे सतत होते. खालचे प्रश्न रुग्णांनी आणि घरच्यांनी विचारलेलेच आहेत, सारखे प्रश्न तेवढे एकत्र केलेत. हे वाचून गोळी परस्पर बदलू नका आणि बंद तर अजिबात करू नका. डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं ते कळावं, यासाठी हे पान आहे.

१. जेनेरिक म्हणजे नक्की काय? दुय्यम दर्जाचं औषध का?

नाही. औषधाचा मूळ घटक एकच असतो, कंपन्या त्याला आपापलं नाव देतात. लेव्हेटिरासिटॅम हा घटक, केप्रा हे मूळ कंपनीने त्याला दिलेलं नाव. पेटंट संपल्यावर इतर कंपन्यांनी तोच घटक, तेवढ्याच मिलिग्रॅममध्ये, त्याच प्रकारच्या गोळीत आणला की ते जेनेरिक. घटक सोडून गोळीत जे काही असतं, म्हणजे भरीची पावडर, गोळी बांधून ठेवणारे पदार्थ, रंग आणि वरचं आवरण, ते मात्र कंपनीगणिक वेगळं असू शकतं.

तुमच्या पट्टीवर घटकाचं नाव शोधायला भिंग लागत नाही. २०१८ च्या नियमानुसार एकच घटक असलेल्या औषधावर ते ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात छापावं लागतं.

२. म्हणजे मी आत्ता घेतेय ती गोळी "ओरिजिनल" आहे ना?

बहुतेक नाही, आणि त्यात घाबरण्यासारखंही काही नाही. भारतात ज्याला आपण "कंपनीची गोळी" म्हणतो, ती बहुतांश वेळा जेनेरिकच असते, फक्त तिला ब्रँडचं नाव दिलेलं असतं. लेव्हिपिल, लेव्हेरा, एन्कोरेट, लॅमेटेक ही सगळी त्यातलीच. मूळ शोधणाऱ्या कंपनीची टेग्रेटॉलसारखी उदाहरणं आपल्या बाजारात मोजकीच.

त्यामुळे आपल्याकडचा खरा प्रश्न "ब्रँडेड की जेनेरिक" असा नसतोच. एका कंपनीच्या गोळीवरून दुसऱ्या कंपनीच्या गोळीवर जायचं का, कसं आणि किती वेळा, हा असतो. पुढची उत्तरं त्याच अंगाने वाचा.

३. मग जनऔषधीची गोळी इतकी स्वस्त कशी?

कारण तिच्या किमतीत जाहिरात, एमआरच्या (औषध कंपनीच्या प्रतिनिधींच्या) फेऱ्या आणि मधल्या साखळीचा मोठा नफा नसतो. औषधं टेंडरने घाऊक खरेदी होतात. सरकारची जनऔषधी योजना २००८ पासून आहे, २०१६ मध्ये तिला प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी परियोजना हे नाव मिळालं. खरेदी केलेल्या प्रत्येक बॅचची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी झाल्यावरच माल दुकानात जातो. स्वस्त म्हणजे भेसळ, हे समीकरण डोक्यातून काढा. महाग ब्रँडसुद्धा अनेकदा दुसऱ्याच कारखान्यात करून घेतलेले असतात. पट्टीच्या मागे "उत्पादक" आणि "विक्रेता" अशी दोन वेगळी नावं दिसतील.

४. गुण सारखाच येतो हे कशावरून ठरवतात?

निरोगी माणसांना आधी एक आणि काही दिवसांनी दुसरी गोळी देऊन रक्तात औषध किती आणि किती वेगाने उतरतं ते मोजतात. दोन्हींचं गुणोत्तर ८० ते १२५ टक्क्यांच्या चौकटीत बसावं लागतं. याचा चुकीचा अर्थ फार पसरलाय, की जेनेरिकमध्ये औषध २० टक्के कमी असलं तरी चालतं. तसं नाही. नुसती सरासरी नव्हे, तर तिच्या आजूबाजूचा अनिश्चिततेचा पट्टाही पूर्ण आत बसावा लागतो, त्यामुळे प्रत्यक्षातली सरासरी १०० च्या जवळच राहते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, अशा २,०७० चाचण्या पाहिल्या, तेव्हा मूळ औषध आणि जेनेरिक यांतला सरासरी फरक ४ टक्क्यांच्या आसपास निघाला.

खास फिटच्या औषधांवरही काम झालंय. लॅमोट्रिजिनच्या ज्या दोन जेनेरिक गोळ्यांमध्ये कागदावर जास्तीत जास्त फरक दिसत होता, त्याच मुद्दाम निवडून अपस्माराच्या रुग्णांना आलटून पालटून दिल्या. २०१६ मध्ये निकाल आला: रक्तातली पातळी सारखी, फिट वाढल्या नाहीत.

आता आपल्या देशाची अडचण. पाण्यात नीट न विरघळणाऱ्या घटकांच्या गोळ्यांना ही चाचणी सक्तीची करणारा नियम भारतात एप्रिल २०१७ मध्ये आला. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि लॅमोट्रिजिन याच गटात मोडतात. त्याआधी परवाना मिळालेल्या अनेक गोळ्या अशा चाचणीशिवाय बाजारात आल्या, आणि त्यात नावाजलेले ब्रँडही आहेत, बिनब्रँडचेही. म्हणून परदेशातल्या अभ्यासांचा दिलासा इथे जसाच्या तसा उचलता येत नाही. माझं मत विचाराल तर महाग-स्वस्त यापेक्षा "एकच कंपनी, टिकवून" याला आपल्याकडे जास्त महत्त्व द्यावं.

५. बीपीची गोळी बदलली तर कोणी काही म्हणत नाही. फिटच्या गोळीचाच एवढा बाऊ का?

दोन कारणं. बीपी एक दिवस थोडं वर गेलं तर सहसा कळतही नाही. फिट मात्र एकदाच आली तरी माणूस जिन्यावरून पडू शकतो, भाजू शकतो, कामावरची खुर्ची जाऊ शकते. दुसरं, काही औषधांमध्ये पुरेसा डोस आणि जास्त डोस यांतलं अंतर फार कमी असतं.

फेनिटॉइन हा त्यातला सगळ्यात तऱ्हेवाईक गडी. रक्तात दर मिलीमागे १० ते २० मायक्रोग्रॅम ही त्याची नेहमीची मर्यादा. ते शरीराबाहेर काढण्याची यकृताची क्षमता ठरावीक असते. ती भरली की डोस जरासा वाढवला तरी पातळी दीडपट, दुप्पट होते. ऑस्ट्रेलियात १९६८ मध्ये नेमकं हेच घडलं. कंपनीने फेनिटॉइनच्या कॅप्सूलमधली भरीची पावडर बदलली, कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज घातलं. औषधाचे मिलिग्रॅम तेवढेच होते. पण आधीच्या पावडरीमुळे जे औषध पुरतं शोषलं जात नव्हतं ते आता शोषलं जाऊ लागलं, आणि रुग्ण झिंगल्यासारखे चालू लागले. लक्षात घ्या, इथे जेनेरिकचा संबंधच नव्हता, बदल झाला तो औषध नसलेल्या पावडरीत.

६. कुठल्या औषधात जास्त जपायचं?

ब्रिटनच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये यासाठी तीन गट पाडले. इतकी सोपी विभागणी दुसरीकडे सापडत नाही, म्हणून तीच देतो.

पहिल्या गटात फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन आणि प्रिमिडोन. यांत रुग्णाने एकाच कंपनीच्या गोळीवर राहावं. दुसऱ्यात व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन, ऑक्सकार्बाझेपिन, टोपिरामेट, क्लोबाझाम, क्लोनाझेपाम, झोनिसामाइड वगैरे. इथे डॉक्टर आणि रुग्णाने मिळून ठरवायचं, आधी फिट कितपत आटोक्यात होत्या ते पाहून. तिसऱ्यात लेव्हेटिरासिटॅम, लॅकोसामाइड, गाबापेंटिन, प्रीगाबालिन. यांत कंपनी बदलली तरी सहसा बिघडत नाही.

नुसत्या लेव्हेटिरासिटॅमवर असाल तर जेनेरिकवर जाण्यासारखी सोपी गोष्ट नाही. वाचणारा पैसाही इथे बऱ्यापैकी असतो.

७. मेडिकलवाला म्हणतो, "कंटेंट सेम आहे, फक्त कंपनी वेगळी." घेऊ का?

काउंटरवर उभ्या उभ्या नाही. फिटची औषधं चिठ्ठीवरच मिळणाऱ्या शेड्यूल एच वर्गात येतात. चिठ्ठीवर एक औषध असताना त्याऐवजी दुसरं, मग त्यात घटक तोच असला तरी, परस्पर देता येत नाही, असं १९४५ च्या औषध नियमांतला नियम ६५ सांगतो. दुकानदाराची नियत वाईट असते असं नाही. बऱ्याचदा माल संपलेला असतो, किंवा त्याला तुमचे पैसे वाचवायचे असतात. तिथूनच डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावा, "हे मिळत नाही, ते चालेल का?" एवढं विचारा आणि होकार आला तर नव्या नावाचा मेसेज मागून घ्या.

सगळीकडेच औषध संपलंय आणि उद्याची गोळी नाही, ही वेगळी परिस्थिती. त्यासाठी प्रश्न १३ पाहा.

८. आमचे डॉक्टर घटकाचंच नाव लिहितात. मग दरवेळी वेगळी कंपनी मिळते, त्याचं काय?

घटकाचं नाव लिहिणं योग्यच आहे. चिठ्ठीवर ते सुवाच्य आणि शक्यतो इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहावं, असं मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्येच सांगितलं होतं. पण अशा चिठ्ठीवर कुठली कंपनी द्यायची ते दुकानदाराच्या हातात जातं. उपाय साधा आहे. पहिल्यांदा जी पट्टी मिळाली तिचा मागून-पुढून फोटो काढून ठेवा आणि पुढच्या वेळी तो दाखवून तीच मागा. प्रश्न ६ मधल्या पहिल्या दोन गटांतलं औषध असेल तर डॉक्टरांना घटकाच्या नावापुढे कंपनीचं नावही लिहायला सांगा. यात कोणी रागवत नाही.

जनऔषधीतून गोळ्या घेणाऱ्यांनी एक बारकावा लक्षात ठेवावा. तिथल्या पट्टीचं रूप तेच राहतं, पण टेंडर बदललं की आतली गोळी बनवणारी कंपनी बदलते. ते नाव मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं. फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन घेणाऱ्यांनी दर महिन्याला ती ओळ वाचावी.

९. पट्टीवर सीआर, ईआर, क्रोनो असं काही लिहिलेलं असतं. ते जुळायलाच हवं का?

हो! सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. हा गोंधळ ब्रँड-जेनेरिकचा नाहीच, दोन वेगळ्या गोळ्यांचा आहे. साधी गोळी लवकर विरघळते, सीआर, ईआर किंवा क्रोनो हळूहळू. टेग्रेटॉल आणि टेग्रेटॉल सीआर, एन्कोरेट आणि एन्कोरेट क्रोनो: ब्रँड तोच, मिलिग्रॅमही कधी कधी तेच, पण वागणूक वेगळी. दिवसातून एकदा घ्यायच्या सावकाश गोळीच्या जागी साधी गोळी आली तर दुपारी चक्कर आणि पहाटे फिट, असा प्रकार होऊ शकतो.

व्हॅल्प्रोएटमध्ये आणखी एक पेच आहे: सोडियम व्हॅल्प्रोएट आणि डायव्हॅल्प्रोएक्स. घटक एकाच घराण्यातला, पण एकाऐवजी दुसरी गोळी डॉक्टरांना न विचारता घ्यायची नाही. सावकाश विरघळणारी गोळी कुटून, चावून किंवा पाण्यात घोळून घेऊ नका. मधोमध खाच असली तरी अर्धी करण्यापूर्वी विचारा.

१०. डॉक्टर हो म्हणाले. आता बदल करायचा कसा?

बहुतेक वेळा जुनी पट्टी संपते आणि पुढच्या डोसपासून नवी सुरू होते, तेवढ्याच मिलिग्रॅमने, त्याच वेळेला. जुनी आणि नवी दोन्ही एकदम घ्यायची नाही. मधे एक दिवस "पोट साफ होऊ दे" म्हणून सोडायचाही नाही. हे दोन्ही प्रकार लोक खरोखर करतात.

वेळ निवडून घ्या. घरात लग्न आहे, परीक्षा आहे, वारीला निघायचंय, रात्रपाळी सुरू होतेय, ताप आहे, तर महिनाभर थांबा. एकापेक्षा जास्त औषधं चालू असतील तर एका वेळी एकच बदला, नाहीतर काही बिघडलं तर कोणामुळे ते कधीच कळणार नाही. नव्या गोळीची तारीख, कंपनी आणि बॅच नंबर वहीत लिहा. फिट, झटके, क्षणभर तंद्री लागणं, विसरलेला डोस, कमी झालेली झोप, सगळं त्याच वहीत. निदान दोन-तीन महिने. आणि उरलेल्या जुन्या गोळ्या नव्या डबीत मिसळू नका.

११. रक्तातली पातळी तपासावी लागते का?

प्रत्येकाला नाही. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन आणि काही वेळा व्हॅल्प्रोएट यांत ती उपयोगी पडते. पण खरी मदत तेव्हाच होते जेव्हा बदलाच्या आधीचा आकडाही हातात असतो. नवी गोळी सुरू केल्यावर आठवड्याभरात घाईने तपासू नका. पातळी स्थिरावायला वेळ लागतो, फेनिटॉइनला दोन-तीन आठवडेसुद्धा. रक्त सकाळच्या गोळीच्या आधी द्यायचं, दोन्ही वेळा, शक्यतो एकाच लॅबमध्ये. लेव्हेटिरासिटॅममध्ये या तपासणीवर सहसा पैसे घालवावे लागत नाहीत.

१२. जेनेरिक सुरू केलं आणि फिट आली. गोळीमुळेच ना?

असू शकतं, पण लगेच शिक्का मारू नका. आधी समोरच्या माणसाकडे पाहा: कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा घालू नका. कांदा, चप्पल हुंगवायची नाही. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर १०८ ला फोन.

मग शोध घ्या. डोस चुकला होता का? जागरण, ताप, उलट्या, जुलाब, दारू, कडक उपवास? नवरात्रात "उपाशीपोटी गोळी नको" म्हणून डोस सोडणारे दरवर्षी भेटतात. मधे दुसरं औषध सुरू झालं का? फेनिटॉइनसोबत अ‍ॅसिडिटीचं औषध घेतलं तर शोषण कमी होतं. गर्भनिरोधक गोळ्या लॅमोट्रिजिनची पातळी खाली आणतात. रुग्णालयात मेरोपेनेमसारखं अँटिबायोटिक इंजेक्शन मिळालं तर व्हॅल्प्रोएटची पातळी झपाट्याने खाली येते.

यातलं काहीच नसेल, तर ती पट्टी जपून ठेवा आणि वहीसकट डॉक्टरांकडे न्या. जुन्या कंपनीवर परत जाणं हा निर्णय लाजिरवाणा नाही. अशी घटना सरकारच्या औषध-दुष्परिणाम नोंदणीत १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवता येते. कळवाच.

उलटंही होतं, म्हणजे रक्तात औषध जास्त होतं. तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, बोबडं बोलणं, दिवसा पेंग. नव्या गोळीनंतर हे सुरू झालं तर "सवय होईल" म्हणत बसू नका, त्याच दिवशी फोन करा. कार्बामाझेपिनवर असताना घशासाठी क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक सुरू झालं तरी हीच लक्षणं दिसतात. तेव्हा दोष गोळीच्या कंपनीचा नसतो.

१३. सरकारी दवाखान्यात किंवा जनऔषधीत औषध संपलंय. काय करू?

कुठलीही कंपनी घ्या, पण डोस चुकवू नका. या पानावर कंपनी टिकवण्याबद्दल इतकं लिहिलंय खरं, तरी गोळी अचानक थांबण्याचा धोका कंपनी बदलण्याच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. फिटमागून फिट येत राहून जिवावर बेतू शकतं. तोच घटक, तेवढेच मिलिग्रॅम, तोच प्रकार (प्रश्न ९) आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना कळवणं, एवढं पुरे. घरात किमान दहा दिवसांच्या गोळ्या शिल्लक असताना पुढची खरेदी करायची सवय लावली तर ही वेळ सहसा येत नाही. "जनऔषधी सुगम" या अ‍ॅपवर जवळची केंद्रं दिसतात, फोन करून साठा विचारूनच निघा.

१४. मुलाला सिरप चालू आहे. तिथेही हेच नियम?

तिथे जास्तच. सिरपमध्ये कंपनी बदलली की ताकद बदलू शकते. फेनिटॉइनचं सस्पेन्शन ५ मिलीमध्ये ३० मिग्रॅचंही मिळतं आणि १२५ मिग्रॅचंही. आई सवयीने "पाच एमएल" देते आणि मुलाला चौपट औषध जातं. म्हणून मुलाचा डोस मिलीमध्ये नव्हे, मिलिग्रॅममध्ये पाठ करा आणि नवी बाटली आली की लेबल वाचून मिली पुन्हा ठरवून घ्या. मोजायला सिरिंज, घरातला चमचा नको. फेनिटॉइनची बाटली दरवेळी नीट हलवा. नाही हलवली तर औषध तळाशी बसतं, सुरुवातीचे डोस पातळ आणि शेवटचे जहाल.

१५. दिवस राहिलेत, किंवा राहावेत असा विचार आहे. आता बदल करावा का?

गरोदरपणात कंपनी बदलण्याचा खेळ नको. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासिटॅमची पातळी या काळात आपोआपच खाली येते, त्यात आणखी एक अनिश्चितता कशाला? बदलायचंच असेल तर आधी बदला, स्थिर व्हा, मग पुढचा विचार करा.

व्हॅल्प्रोएटवर असाल तर प्रश्न कंपनीचा नसून औषधाचाच आहे. गरोदरपणात ते घेतल्यास शंभरातल्या साधारण दहा बाळांत जन्मजात व्यंग आणि तीस ते चाळीस मुलांत वाढीच्या, शिकण्याच्या अडचणी दिसतात. ब्रँडेड घेतलं म्हणून हा धोका कमी होत नाही. दिवस राहण्याआधीच न्यूरॉलॉजिस्टना भेटा. मात्र घाबरून स्वतःहून बंद करू नका.

१६. सहा वर्षं एकही फिट नाही. पैसे वाचतात म्हणून बदलू का?

लेव्हेटिरासिटॅम असेल तर खुशाल विचारा. फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन असेल आणि खर्च झेपत असेल, तर मी हात लावू नका म्हणेन. ही दोन्ही जुनी औषधं, ब्रँडमध्येही फार महाग नाहीत, वाचणार किती? पण खर्चामुळे महिन्यात चार गोळ्या चुकत असतील, तर रोज न चुकता घेतलेली स्वस्त गोळी केव्हाही सरस.

१७. गोळीचा रंग बदलला म्हणून आजी घेतच नाहीत.

त्यांचं वागणं अगदी स्वाभाविक आहे. रंग बदलल्यावर रुग्ण फिटची गोळी घेणं सोडतात, हे अमेरिकेतल्या २०१३ च्या अभ्यासात दिसलंय. बदलाच्या आधीच सांगा. जुनी आणि नवी पट्टी शेजारी ठेवून घटकाचं नाव वाचून दाखवा, शक्य असेल तर डॉक्टरांच्याच तोंडून वदवा.

१८. कोकणात राहतो. पावसाळ्यात गोळ्या मऊ पडतात. चालतात का?

कार्बामाझेपिन असेल तर नाही. दमट हवेत त्या गोळीचा गुण एक तृतीयांशापर्यंत घटू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने १९९० मध्ये दिला होता. ओल धरली की गोळी टणक होते आणि पोटात नीट विरघळत नाही, ब्रँडेड असो वा जेनेरिक. पट्टीतून आठवड्याच्या गोळ्या आधीच फोडून डबीत भरू नका. स्वयंपाकघर आणि बाथरूमचं कपाट टाळा, झाकण घट्ट बसणारा डबा वापरा. जूनमध्ये अचानक फिट वाढल्या तर कंपनीला दोष देण्याआधी कपाट तपासा.

१९. मुलगी अमेरिकेत असते. तिथल्या फार्मसीने न विचारताच जेनेरिक दिलं. हे कसं?

तिथे बहुतेक राज्यांत फार्मासिस्टला तशी मुभा आहे. डॉक्टरांनी "लिहिलंय तेच द्या" अशी नोंद केली तर बदलत नाहीत, मात्र विमा कंपनी वरचे पैसे मागू शकते. तिने फार्मासिस्टला दरवेळी एकाच उत्पादकाची गोळी द्यायला सांगावं, ही विनंती तिथे नेहमीची आहे. इथून सहा महिन्यांचा साठा पाठवायचा विचार असेल तर आधी तिथले नियम बघा. आणि तो साठा संपल्यावर तिथल्या गोळीवर जाणं हासुद्धा एक बदलच आहे, त्याला प्रश्न १० लागू.